राखीनं मिटवलेलं

सोम. ४ ऑगस्ट
माढ्याकडची सविता आली समुपदेशन केंद्रात, सात वर्षांच्या लेकीला घेऊन. (इथं चिमणी म्हणेन तिला. खरं नाव लिहायचं नाही.) मोठ्या जावेचा मुलगा, तेराचा, चिमणीला नको तिथं हात लावतो. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून. "म्याडम, त्याला मारू नगा. आमचंच पोर हाय की." पोलिसांना कळवणं भागच आहे, सांगितलं. रडली. चिमणीला बिस्किटसुद्धा नको.

बुध. ६
पोलीस, बालकल्याण समिती, सगळं झालं. तूर्त मुलगा टेंभुर्णीला मामाकडे. तिथं लहान पोरं नाहीत, विचारून घेतलं. माझ्यासमोर नखं कुरतडत बसला. "मला जेलात टाकनार व्हय?" नाही रे बाबा, समुपदेशन होईल, तूही लहानच आहेस. दया आली त्याची. आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग.
घरच्यांना बजावलं, दोघांची भेट नाही, फोनसुद्धा नाही. सविताचे सासरे म्हणाले, "तुमी म्हनाल तसं." किती सोपं झालं, म्हणून खूश होते मी दिवसभर!

रवि. १०
सविताचा फोन. काल सासऱ्यांनी मुलाला टेंभुर्णीहून बोलावून घेतलं, पाटावर बसवलं, सगळ्या भावकीसमोर चिमणीकडून राखी बांधून घेतली. "चिमणी माज्याकडंच बघत हुती म्याडम. आन ताट मीच धरलं हुतं."
तोंडावर राखीपौर्णिमा, आणि मी आपली भेट नाही, फोन नाही करत बसले. राखीचं नावसुद्धा काढलं नाही! माझ्या भावाची राखी त्याच बुधवारी पोस्टात टाकली होती. काय म्हणावं या अकलेला. फार वाईट वाटतंय.

मंगळ. १२
गेले त्यांच्या घरी. मुलगा परत टेंभुर्णीला, एवढं तरी. म्हाताऱ्यावर चिडायचं ठरवून गेले होते, जमलं नाही. नातीला आपण वाचवलं असंच वाटतंय त्यांना, अगदी मनापासून. "राखी बांधली, आता सख्खा भाऊ झाला त्यो. मिटलं की. आन भेट कुटं? सण हुता." परत सगळं समजावलं. चहा दिला त्यांनी.
निघताना चिमणी पहिल्यांदा बोलली माझ्याशी. "राखी बांधल्यावर सांगायचं नसतं ना आता?"
सांगायचं गं, कधीही सांगायचं, म्हटलं.
तिनं आईकडे बघितलं. सवितानं ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांकडे.