पेढ्याला घेऊन ताईकडे

१२ सप्टेंबर, शुक्र.
ताईचा फोन. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आवाज बारीक झालाय, हुकूम मात्र तोच. "मी आता मुंबयक येवचंय नाय. दिवाळेक तूच ये गो शालू."
म्हटलं, येते, पण पेढ्याला घेऊन. ताईला कुत्र्याचं नावही नको. लहानपणी तिला पिसाळलेला कुत्रा चावला होता. पोटातली ती इंजेक्शनं ती अजून विसरलेली नाही. पेढ्या घरात आला तेव्हापासून तिने मुलुंडला पाऊल टाकलेलं नाही. मी गेले नाही कारण ह्याला ठेवू कुठे. म्हणजे दोन बहिणी आणि मधे एक कुत्रा, असं चाललंय.
शेवटी म्हणाली, "हाड तेका. खळ्यात बांधूया." म्हणजे आण, पण अंगणात राहील.
पेढ्याला सांगितलं. शेपटी हलवली. पण बाबा, गाडीत बसशील तेव्हा ना...

१४ सप्टेंबर, रवि.
महेशने गाडी काढली. "आई, बघू तर खरं. कॉलनीला एक चक्कर." पेढ्याने चारी पाय रोवले, ढिम्म हलेना. त्याचं तरी काय चुकलं? ह्या गाडीतून आजवर फक्त डॉक्टरकडे गेलाय. दार उघडलं की त्याला सुई दिसते. उचलून ठेवला तर नाक्यावर पोचेपर्यंत सगळं ओकला. सीट पुसत बसले.
म.: "बोर्डिंगमध्ये ठेवू ना. एसी असतो तिथे."
मी: "तुला ठेवलं होतं का मी कुठे?"
"आत्याकडे. दर सुट्टीत."
ते खरं. पण म.कडे तरी कसा ठेवू, मी मागे बारशाला गेले तेव्हा ह्याने भांड्याला तोंड लावलं नव्हतं. मला सोडून म. लगेच परत फिरणार, ऑफिस आहे.

१६ सप्टेंबर, मंगळ.
रेल्वेची चौकशी केली. गार्डाच्या डब्यात पेटीत टाकतात म्हणे. एकट्याला, अंधारात. विषय संपला.

१७ सप्टेंबर, बुध.
आपला खालचा रिक्षावाला दिलीप दुपारी गेटजवळ रिक्षात आडवा होतो. आज पाहते तर त्याच्या पायाशी पेढ्या. आपण होऊन चढलेला.
"अरे, हा वर कसा आला?"
"मावशी, माझ्या डब्यात बोंबील होता."
असं आहे होय. उद्यापासून पेढ्याचं दुपारचं जेवण उभ्या रिक्षात. फोनवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला, तीही हेच सांगते. आधी उभ्या गाडीत खायला घालायचं, मग नुसतं इंजिन चालू करायचं, मग गेटपर्यंत. सुनेला शिकवण्यापेक्षा हे सोपं. (स्मिताला दाखवू नये.)

२४ सप्टेंबर, बुध.
जमलं. दिलीपने ऐरोलीच्या पुलाकडे खाडीपर्यंत नेलं. पेढ्याचं तोंड बाहेर, कान मागे उडतायत, जीभ एका बाजूला. दिलीपने मीटर टाकला नाही. म्हणाला, "ह्याचं काय भाडं घ्यायचं, हा तर माझी सीट गरम ठेवतो." खाडीवर बगळे होते. पेढ्या त्यांच्याकडे बघत बसला, मी पेढ्याकडे. पुष्कळ दिवसांनी घराबाहेर नुसती बसले, काही काम नसताना.

२७ सप्टेंबर, शनि.
वाट लागली.
संध्याकाळी बाजारात गेलो. सिग्नलला एक रिक्षा उभी. पट्टा हातातून सुटला आणि हा सरळ आत. आत एक बाई, मांडीवर फरसाणाची पिशवी. बाई पाय वर घेऊन बसली, हा तिच्या शेजारी, नीट, पुढे तोंड करून. सिग्नल सुटला, मागून हॉर्न. रिक्षावाला मान वळवून मला विचारतो, "मावशी, ह्याला कुठे सोडू?"
बाईंची माफी मागितली. त्या हसायलाच लागल्या, म्हणाल्या, "माझ्या मिस्टरांपेक्षा नीट बसला."
शिकवायला गेले एक. आता गल्लीतल्या प्रत्येक रिक्षावर ह्याचा हक्क. आणि म.ची गाडी दिसली की अजून शेपूट पोटात.

२९ सप्टेंबर, सोम.
ताईचं गाव एका दमात ह्याला झेपणार नाही, वाटेत रात्रीचा मुक्काम हवा. दुपारभर फोन लावले. एक हॉटेलवाला गोड बोलत होता.
"ब्रीड कोणती, मॅडम?"
"आमच्याच गल्लीतली."
"मग नाही जमणार."
"विलायती असता तर जमलं असतं?"
फोन ठेवला मेल्याने.
मग माणगावच्या पुढे एका खानावळवाल्या बाईंचा नंबर मिळाला, दोन खोल्या भाड्याने देतात. त्या म्हणाल्या, "आणा की. आमचा पण एक आहे, भुंकेल जरा, मग झोपतील दोघं." नाव काय, चेहरा कसा, काही ठाऊक नाही, तरी आवाजावरून सख्खी वाटली.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
दिलीपच्या रिक्षाची पूजा. झेंडूच्या माळा, पुढच्या चाकाखाली लिंबू. पेढ्याच्या गळ्यातही एक माळ. त्याने ती खाल्ली.
दिलीपने सणाचं नवं सीट कव्हर घातलंय, लाल, सोनेरी काठाचं. जुनं काळं गुंडाळून टाकायला निघाला होता. पेढ्या त्या गुंडाळीमागे हुंगत हुंगत कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला आणि तिच्यावरच बसला. उठेना.
ते बघून माझ्या डोक्यात...
"दिलीप, हे मला दे."
"मावशी, फाटलंय ते. नवं आणून देतो."
"नवं नको. हेच."

५ ऑक्टो., रवि.
म. आधी नाक मुरडून उभा. "आई, माझ्या गाडीत रिक्षाची सीट? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक मागे बसणार नाहीत, पेढ्या बसणार आहे.
मागच्या सीटवर काळं कव्हर पसरलं. दार उघडं ठेवून मी लांब जाऊन उभी राहिले, हाकही मारली नाही. आला. हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. एक पाय वर. खाली. परत वर. आणि गेला आत, तीन गिरक्या घेऊन आडवा.
माझा जीव भांड्यात पडला. दिलीप गेटवरून ओरडतोय, "मावशी, मीटर टाका."
म.ने कॉलनीला चक्कर मारली. ओकला नाही. दोन चकरा. नाही. तिसऱ्या वेळी उतरायलाच तयार नाही.

१२ ऑक्टो., रवि.
गोराईला गेलो. सराव म्हणून म. आला, तो आता स्वतःच प्लॅन काढतो, बोर्डिंगचं नावही घेत नाही. भर गर्दी होण्याआधी सकाळीच पोचलो.
पेढ्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला. लाट आली की हा मागे, लाट गेली की तिच्यामागे धावून भुंकतो, जणू ह्यानेच पळवली. मग खारं पाणी प्यायला. जे व्हायचं ते झालं, पण वाळूत झालं, गाडीत नाही. धडा: घरचं पाणी आधी पाजायचं.
मी साडी गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभी. म.ने फोटो काढला. ताईला पाठवला. तिचं उत्तर, "तू बारीक झालंस." पेढ्याबद्दल एक शब्द नाही.

१६ ऑक्टो., गुरु.
चकल्या भरल्या, पेढ्याचे तांदूळ-चिकन वेगळे, पट्टे दोन, लसीचं पुस्तक, पाण्याची बाटली. मुलीच्या बाळंतपणाला एवढी तयारी केली नव्हती.
संध्याकाळी ताईचा फोन. "तेना चावल्यान तर?"
"नाही चावणार गं."
"तू तसाच म्हणतलंस."
आता वाटतंय, तिला उगाच पेचात टाकते आहे का. घर तिचं, भीती तिची. मी हट्टाने कुत्रा घेऊन उभी राहणार. ती दारात आली नाही तर मी तरी काय करणार... म. म्हणतो, "उद्या निघू तर. मावशी माझं ऐकते." ऐकलंय कधी तिने कुणाचं.

१७ ऑक्टो., शुक्र.
खानावळीतून. सगळा रस्ता झोपला. बाईंचा कुत्रा, नाव राजा, दहा मिनिटं भुंकला, मग दोघं एकाच फणसाखाली. बाईंनी मला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली, पेढ्याला वेगळा भात, मीठ न घालता, न सांगता. येताना परत इथेच उतरायचं.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी.
ताईच्या ओटीवरून लिहिते आहे. दुपारी पोचलो. ताई काठी टेकत दारात उभी. मला बोलावलं, म.च्या तोंडावरून हात फिरवला. पेढ्याकडे पाहिलं नाही. काठी मात्र त्याच्या दिशेने.
पेढ्याला खळ्यात आंब्याला बांधला, खाली त्याचं काळं कव्हर. हूं नाही की चूं नाही. तेव्हापासून तिच्याकडेच टक लावून.
मधे आतून तिचा आवाज, "तेना कायतरी खाल्ल्यान?"
"खाल्लं."
थोड्या वेळाने खळ्याच्या कडेला करवंटीत पाणी दिसलं. मी ठेवलं नव्हतं. म. गाडीजवळ होता.
दिवेलागणीला ताई बाहेर आली. "रातचो भायर नको ठेवू. वाघ फिरता." इथे बिबट्यालाच वाघ म्हणतात. "गेल्या म्हयन्यात शेजाऱ्यांचो कुत्रो गेलो."
"मगे खंय ठेवू गो ताई?"
तिने तेल घातलं, पणत्या लावल्या. मी दोरी सोडून पेढ्याला ओटीच्या पायरीशी घेऊन बसले. ती हळूहळू खळ्यात उतरली, काठीच्या टोकाने ते काळं कव्हर उचललं, आमच्यापासून लांबून वळसा घेऊन, नाकाला पदर लावून, माजघरात घेऊन गेली.
धुवायला की अंथरायला, अजून कळलं नाही. दार अर्धं उघडं आहे. पेढ्याची मान तिकडेच.