क्विल्ट क्रमांक तेवीस आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, कापड गिरणीच्या तपासणी खात्यातून मुख्य तपासनीस म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या खिशाची शिवण उसवली आहे हेही सांगितले. त्यानंतर त्यांनी काही विचारले नाही.

वकिलांनी कच्चा मसुदा वाचून निम्मी वाक्ये खोडली. म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, मतं नाही." माझ्याकडे मालमत्तेपेक्षा मते जास्त आहेत आणि त्यांना वारस नाही. म्हणून खोडलेली सगळी वाक्ये मी पुन्हा लिहिली आहेत. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात भाच्याचे नाव होते, ते रद्द समजावे.

कलम एक : घर

दुसऱ्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. पूर्ण द्यावे, वाटा नाही, हिस्सा नाही.

धाकटी तिचा नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, माझ्याकडे राहते. मागची खोली तिची, पुढची माझी आणि मधली शिलाई मशीनची. गेली दोन वर्षे आणि चार महिने ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही. मीठ संपले की रिकामी बरणी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवते. मला ताप आला की औषध ठेवते. अबोल्यातही ती माझ्यापेक्षा व्यवस्थित आहे. अबोल्याचे कारण कलम चारमध्ये येईल.

भाचा हा आमच्या दिवंगत भावाचा मुलगा. गेल्या महिन्यात येऊन तो म्हणाला, "आत्या, तू गेल्यावर धाकट्या आत्याला एकटीला कसं जमणार? एक छान संस्था आहे. मोठी बाग आहे तिथे."

हे म्हणताना तो धाकटीच्या खोलीच्या भिंतीलगत टाचेला चवडा लावत चालत होता. मी विचारले, "काय मोजतोस?"

"काही नाही गं, उगाच."

"बागेत झाडं लावतात," मी म्हटले, "माणसं नाही."

भाच्याला माझी मोजपट्टी द्यावी. पावलांनी मोजलेली खोली दर वेळी वेगळी भरते. लोभ करायचा तर इंचात करावा.

कलम दोन : हत्यारे

शिलाई मशीन, इस्त्री, दोऱ्यांची पेटी आणि सुया धाकटीला. मोठी कात्रीही तिलाच. ती कात्री भाच्याच्या बायकोने एकदा पुठ्ठा कापायला घेतली होती. म्हणून त्या बाईला बाजारातली सर्वांत स्वस्त कात्री घेऊन द्यावी आणि भेट कोणाकडून आहे ते सांगावे.

धागे मोजायचे पितळी भिंग आमच्या क्विल्ट मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना द्यावे, म्हणजे आयुष्यात एकदा तरी त्या कापडाकडे पाहतील. आतापर्यंत त्यांनी फक्त छायाचित्रकाराकडे पाहिले आहे. सोबत सूचना लिहून द्यावी : कापड नेहमी खिडकीच्या उजेडात पाहावे, दिव्याखाली नाही. दिव्याखाली सगळीच कापडे साळसूद दिसतात. खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीकडून हे वाक्य मी तेहेतीस वर्षे पहिल्याच दिवशी पाठ करून घेतले.

कलम तीन : शिल्लक

बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने उरकावा. उरेल ते धाकटीला.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेला काही देऊ नये. त्यांचे पत्र दर वर्षी येते. शिवणाचा तास बंद करून तिथे आता 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवतात. माझे व्यक्तिमत्त्व शिवणाच्या तासालाच विकसित झाले आणि त्याचे परिणाम आपण वाचतच आहात. आमच्या शिवणाच्या मदर सांगत, चुकलेला टाका लपवू नका, उसवा. उसवताना रडलेले चालत असे. लपवलेले चालत नसे.

कलम चार : क्विल्ट क्रमांक तेवीस

हे कलम लांब आहे. ज्याला घाई असेल त्याने मोजपट्टी घेऊन जावे.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात कापडाची स्पर्धा असते. सगळ्यांना एकाच कापडाचा अर्धा मीटर तुकडा देतात आणि तो क्विल्टच्या दर्शनी बाजूला दिसलाच पाहिजे असा नियम असतो. बाकी क्विल्ट कसेही करा. गोधडी मात्र म्हणायचे नाही. मी एकदा म्हटले, तर अध्यक्षीणबाईंचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या घरात ढेकूण पाहिला. त्या वर्षी क्विल्ट मॉडर्न असावे असेही ठरले. मॉडर्न क्विल्ट म्हणजे पलंगभर रिकामी जागा आणि कोपऱ्यात एक चौकोन, तोही वाकडा. विचारले तर सांगतात, "रिकामी जागा बोलते." जी जागा चाळीस दिवस राबून भरायची, ती न भरता ती बोलते म्हणायचे! मग मीही उद्यापासून भांडी घासत नाही. ती ओट्यावर बोलत बसतील. क्रमांक अकराचे नाव होते 'श्वास'. क्रमांक चौदाचे, 'श्वास दोन'.

स्पर्धेचे कापड लालभडक होते. घरी आणल्याबरोबर मी पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासला. रुमाल लाल झाला. रंग कच्चा होता. असे कापड आमच्या गिरणीच्या दारातून बाहेर पडले नसते. मी अध्यक्षीणबाईंना फोन केला.

"अहो, हल्ली आधी धुवायची पद्धत नाही," त्या म्हणाल्या. "कापडाचा करकरीतपणा जातो."

"करकरीतपणा नाही, रंग जातोय."

"तुमच्या गिरणीच्या काळी जात असेल, मावशी."

त्यांच्यात आणि माझ्यात सहा वर्षांचे अंतर आहे. मावशी!

मी माझा तुकडा मिठाच्या थंड पाण्यात अकरा वेळा धुतला. बाराव्या वेळी पाणी स्वच्छ राहिले. धाकटीला मी सांगितले नाही. का, ते लिहिते. क्विल्ट कोणाचे हे बक्षिसापर्यंत गुप्त ठेवायचे असते, म्हणून आम्ही दोघी आपापल्या खोलीत दार लावून शिवत होतो. त्यात मजाही होती. जेवताना ती विचारायची, "ताई, तुझं कुठवर आलं?" मी म्हणायची, "संपत आलं. तुझं?" ती म्हणायची, "माझं? छे, मी कुठे शिवतेय!" आणि बोटाला दोरा चिकटलेला असायचा. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली होती, "ताई, या वेळी मला काही सांगू नकोस. एकदा तरी तुला न विचारता काहीतरी करू दे." मी ते अक्षरशः पाळले. आयुष्यात एकदाच मी तोंड मिटले आणि नेमके तेव्हाच उघडायला हवे होते.

प्रदर्शन एका नाट्यगृहाच्या तळघरात होते. खिडकी नाही, सगळीकडे पिवळे दिवे. क्विल्टवर फक्त क्रमांक. माझे क्रमांक नऊ, चारशे बत्तीस तुकड्यांचे. परीक्षक त्याच्यासमोर थांबून म्हणाले, "खूप कष्ट दिसतात." कुरूप बाळाला 'गुटगुटीत आहे' म्हणतात, त्या सुरात.

पहिले बक्षीस क्रमांक तेवीसला. पूर्ण पांढरे, आणि वरून खालपर्यंत बोटाएवढी एकच लाल रेघ. मध्यावर एकदा वळलेली. बस्स. परीक्षक म्हणाले, "धाडस." मग अध्यक्षीणबाईंनी माईक घेतला. "या वर्षीच्या कापडाबद्दल काही जुन्या मंडळींच्या मनात शंका होत्या," म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या. हॉलही हसला.

मी उठले. तेहेतीस वर्षांची सवय असलेल्या हाताला विचारावे लागत नाही. टेबलावरच्या ग्लासात रुमाल बुडवला, क्रमांक तेवीसच्या रेघेवर, बरोबर वळणापाशी, दाबला आणि सात आकडे मोजले. मग लाल झालेला रुमाल सगळ्यांना दाखवला. "हा बघा तुमचा नवा काळ," मी म्हटले.

रुमाल जास्त ओला होता. रेघेचा रंग पाण्याबरोबर पांढऱ्यावर उतरला आणि वीतभर खाली ओघळला. कोणी हसेना. मला वाटले, मी जिंकले. मागून आवाज आला, "ताई, माझं होतं ते."

अध्यक्षीणबाईंनी नावाचे पाकीट त्यानंतर फोडले.

मी मुद्दाम केले, असे मंडळातल्या बायका म्हणतात. त्यांच्या मताची किंमत मला त्यांच्या कापडाइतकीच आहे; एका धुण्यात जाईल. धाकटीला तसे वाटते का, मला माहीत नाही. विचारायची सोय राहिलेली नाही. म्हणून इथे शपथेवर लिहिते : ते तिचे आहे हे मला माहीत नव्हते.

पण एवढ्यावर मी सुटत नाही, हेही लिहिते. बक्षिसाआधी मी त्या क्विल्टसमोर दहा मिनिटे उभी होते. हाताचे टाके होते, इंचाला आठ, एकसारखे, सगळीकडे. त्या अख्ख्या तळघरात असा टाका घालणारी माझ्याशिवाय एकच बाई होती आणि तिला तो मी शिकवला होता, ती नऊ वर्षांची असताना, तिची बोटे धरून. मी टाके मोजले. कोणाचे ते ओळखले नाही. मी खोट शोधत होते. खोट शोधणाऱ्याला तेवढीच सापडते.

दुसऱ्या दिवशी तिने क्विल्ट वर्तमानपत्रात गुंडाळून, जुने कपडे नेणाऱ्यासाठी जिन्यात ठेवले. मी ते उचलून माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. तिला हे माहीत नाही. त्यानंतर मी ते उघडून पाहिलेले नाही. पाहायची गरज नाही. पांढरे आणि त्यावर लाल, मला पाठ आहे.

ते धाकटीला परत द्यावे. डाग काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये. मंडळातल्या कोणी तर ट्रंकेच्या जवळही फिरकू नये. तिला हवे तर भिंतीवर लावावे, हवे तर पुन्हा जिन्यात ठेवावे. उचलणारी मी नसेन.

जाता जाता : त्या प्रसंगानंतर मंडळाने नियमावलीत भर घातली आहे. 'प्रदर्शनाच्या जागी पाण्याचे ग्लास आणू नयेत.' कापड धुऊन घ्यावे असा नियम अजूनही नाही.

कलम पाच : मी गेल्यावर

भाषणे नकोत. माझ्या कपड्यांचे तुकडे करून मंडळाने 'आठवणींचे क्विल्ट' शिवू नये. माझे कपडे पक्क्या रंगाचे आहेत. त्यांना त्या संगतीची सवय नाही. क्रमांक नऊ तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना द्यावे. त्यांच्या खुर्चीत माणसे थंडीने कुडकुडतात आणि ते त्याला भीती समजतात.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी समोरच्या दारातल्या भूमितीच्या बाईंनी करावी. त्यांना रेघ सरळ कशी असते ते माहीत आहे.

हे सर्व मी पूर्ण शुद्धीत लिहिले, पुन्हा वाचले आणि एकही शब्द मऊ केला नाही.

(सही)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली :
१. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
२. समोरच्या दारातल्या भूमितीच्या बाई (सही)

ठिकाण : माझ्या घरातले जेवणाचे टेबल
तारीख : ९ ऑक्टोबर, सकाळचे साडेदहा

पुरवणी

सह्या झाल्यावर साक्षीदार चहा घेत असताना धाकटी कपबशा न्यायला आली. कागद टेबलावर होते. झाकावेत एवढे मला सुचले नाही. तिने उभ्यानेच वाचले. कलम चार दोनदा वाचले. डॉक्टर बिचारे रिकाम्या कपातून चहा पीत राहिले.

मग ती म्हणाली, "पांढरं नव्हतं ते."

दोन वर्षे आणि चार महिन्यांनी. मला आधी कळलेच नाही की ती माझ्याशी बोलत आहे.

"काय नव्हतं?"

"क्विल्ट. फिकट करडं होतं. आठ दुकानं फिरले होते मी त्या रंगासाठी."

"मी तेहेतीस वर्षं रंग तपासलेत," मी म्हटले.

"कुठे पाहिलंस? दिव्याखालीच ना?"

भूमितीच्या बाईंनी छताकडे पाहिले. मी ट्रंक उघडली, वर्तमानपत्र सोडले आणि क्विल्ट खिडकीपाशी नेले. या मृत्युपत्राचे पाकीट पांढरे आहे. ते शेजारी धरून पाहिले. धाकटी माझ्या खांद्यामागे उभी होती.

"मग?" तिने विचारले.

"करडं आहे."

"मग नीट लिही की. चुकीचं ठेवू नकोस, ताई."

सबब, कलम चारमध्ये क्विल्ट क्रमांक तेवीसच्या संदर्भात जिथे जिथे 'पांढरे' असे लिहिले आहे, तिथे तिथे 'फिकट करडे' असे वाचावे. ही चूक माझी स्वतःची आहे. कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दडपणाखाली केलेली नाही.

(सही)

साक्षीदार : वरीलप्रमाणे, दोघेही (सह्या)

ठिकाण : खिडकी
तारीख : तीच, सकाळचे सव्वाअकरा