जबाबदार व्यक्तीचा रकाना

४ जून

ती. मावशीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल मिळालं. तू ज्या पत्त्यावर पाठवलंस तो मी तीन आठवड्यांपूर्वीच सोडला होता, पण तिथल्या घरमालकीणबाई भल्या. त्यांनी पार्सल फोडलं नाही, फक्त सगळीकडून दाबून बघितलं आणि मला सांगितलं की साडी असावी. आत निघाला सतरा पानांचा अर्ज. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला.

मला समजलं ते एवढं, बघ बरोबर आहे का. गावातलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून ती खोली रिकामी आहे. तिथे तुला आणि हेडमास्तरांना गावापुरतं रेडिओ केंद्र काढायचंय. नगरपालिका खोली द्यायला तयार आहे, पण ३१ ऑगस्टच्या आत परवाना दाखवला तरच. नाहीतर तिथे वखारवाल्याच्या फळ्या येणार. आणि परवान्याचं ऑफिस ज्या शहरात आहे, तिथेच तुझी बिनकामाची भाची सध्या टेकली आहे. म्हणजे १५ जूनच्या आत अर्ज मी नेऊन द्यायचा.

काल निघालेच होते. पण जिन्यात एक माणूस कपाटामागे अडकला होता. कपाट वळणावर असं बसलेलं की ना वर ना खाली. मग मी दारं काढली, कप्पे काढले, शेवटी त्याला काढलं. त्याच्या बहिणीने चहा केला, चहाबरोबर मला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं, आणि ऑफिस पाचला बंद होतं हे मला सव्वापाचला कळलं. पण पंक्चर आता मला येतं.

एक विचारू? तीस वर्षं तू ऑपरेटर होतीस. सगळ्या गावाचं बोलणं तुझ्या हातातून गेलं. अजून पोट भरलं नाही?

माझ्यावर लोभ आहेच, तो उद्यापर्यंत तरी टिकव.

तुझी,
भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसले, मग कॅलेंडर बघितलं आणि हसू आटलं. कपाटं अडकायची थांबणार नाहीत, तू त्यांच्याकडे न बघता चालायला शीक.

पोट भरलं का विचारतेस. अगं, ऑपरेटरने जोडायचं असतं, बोलायचं नसतं. तीस वर्षांत मी गावाशी तीनच वाक्यं बोलले. नंबर सांगा, थांबा, आणि तीन मिनिटं झाली, वाढवू का. सगळ्यांचं सगळं ऐकलं (ऐकायचं नसतं, तुझ्या आईला सांगू नकोस) आणि एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. कितीदा तरी जिभेच्या टोकावर आलेलं गिळलं. आता त्याच खोलीत बसून मला बोलायचंय. पूर्ण वाक्यं. एवढंच.

सोबत कॅसेट आहे. कार्यक्रमाचा एक तासाचा नमुना अर्जाला जोडावा लागतो. भिंतींवर रजया टांगून खोलीचा घुमारा मारला आणि एका बैठकीत सगळं उरकलं. नर्सबाई बाळांच्या खोकल्यावर बोलल्या, हेडमास्तर नदीच्या इतिहासावर. झक्क झालंय. फक्त हेडमास्तर का रुसले ते कळत नाही. माझ्या दारावरून जाताना छत्री आडवी धरतात. ऊन नाही, पाऊस नाही.

खिडकीवरच्या माणसाशी नीट बोल, केस विंचरून जा. आशीर्वाद नेहमीचेच, पण १५ तारीख चुकली तर परत मागेन.

तुझी,
मावशी

१६ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दिला! शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायला सात मिनिटं असताना.

उशीर कॅसेटमुळे झाला. ऐकल्याशिवाय कशी देणार? हेडमास्तर का रुसले ते मला कळलं. ते नदीच्या उगमापासून निघाले, रंगात आले, पहिल्या वळणाला पोचले, आणि तुझा गोड आवाज मध्येच विचारतो की तीन मिनिटं झाली, वाढवू का. बिचारे घाबरून हो म्हणाले. तीन मिनिटांनी पुन्हा तेच. तासाभरात तू हे एकोणीस वेळा म्हटलंयस. एकदा तर स्वतःलाच, प्रास्ताविक करताना! आणि तुझं तुला पत्ताच नाही. उसना टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मी फुटपाथवर बसून हसत सुटले. शेजारच्या दुकानातला न्हावी काय झालं म्हणून बघायला आला, त्यालाही ऐकवलं. त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने हसत होतं.

आता दुसरी गोष्ट. बसून वाच. बाराव्या पानावर एक रकाना होता, केंद्राची जबाबदार व्यक्ती. तो तू कोरा ठेवला होतास. खिडकीतले साहेब म्हणाले की या व्यक्तीने इथे समोर सही करायची, ओळखपत्र दाखवून. मी म्हटलं मावशी गावी आहे. ते म्हणाले मग पुढच्या वर्षी या, आणि खिडकीच्या झडपेला हात घातला. खिशात माझंच ओळखपत्र होतं. मी सही ठोकली.

बाहेर येऊन पावतीमागची बारीक अक्षरं वाचली. जबाबदार व्यक्तीने परवान्याच्या मुदतीत, म्हणजे तीन वर्षं, त्याच गावात राहणं बंधनकारक आहे. पण हे सगळं कागदावरचं गं. कोण बघतंय?

रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस, दोन्ही एकदम जमतं तुला.

तुझी,
भिंगरी

२४ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कोण बघतंय? त्यांनीच बघितलं. ऑफिसचं पत्र आलंय. २० जुलैला मुलाखत, जबाबदार व्यक्तीने जातीने हजर राहावं.

रकाना कोरा का होता तेही ऐक. तिथे नाव घालायला मी आणि हेडमास्तर, दोघंही टपलेलो. आणि दोघंही तोंडाने मात्र तुम्हीच घाला, तुम्हीच घाला करत राहिलो. समोरचा एकदा तरी बरं म्हणेल अशी दोघांची आशा. तीन दिवस हेच. शेवटी पोस्टाची वेळ झाली आणि कोराच पाकिटात गेला.

हेडमास्तर म्हणतात, तिने सरळ सांगावं की मी गावातच राहते. तुला गल्ल्या पाठ करायला त्यांनी नकाशा काढलाय, सोबत जोडते. त्यात शाळेचं मैदान निम्म्या गावाएवढं आहे, तेवढं वजा कर. माझं म्हणशील तर खरं तेच सांग. परवाना गेला तर गेला.

कॅसेटबाबत मात्र माझ्यावर अन्याय झालाय. माझ्याकडची प्रत पुन्हा ऐकली. एकोणीस नाही, अठरा. एक वेळ नर्सबाईंनी म्हटलंय, माझी लागण होऊन.

शर्टाला इस्त्री कर. बाकी माया आहे तशीच.

तुझी,
मावशी

२१ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

इस्त्री केली होती. पुढून.

लांबलचक टेबल, पलीकडे तिघं. एक चष्मेवाले, एक मिशीवाले आणि एक बाई, जिच्यापुढे ते दोघं जपून बोलत होते. म्हणजे अध्यक्ष तीच. आधी तुमची कॅसेट लावली. चौथ्या वेळेला मिशीवाल्यांचे खांदे हलायला लागले. आठव्याला चष्मेवाले रुमाल शोधायला टेबलाखाली गेले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की तुम्ही या गावात कधीपासून राहता.

तुला न सांगता मी खोटं बोलायचं ठरवून गेले होते. नकाशा पाठ होता, मैदान वजा करून. पण तोंडातून खरंच निघालं. म्हटलं, राहत नाही. चार वर्षांत चौदा पत्ते झालेत. खिडकीपाशी मी उभी होते म्हणून सही माझी, बोलायचंय ते मावशीला.

चष्मेवाल्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग का कोण जाणे, मी बोलतच सुटले. सांगितलं की गावात कुणी डॉक्टरांचा नंबर मागितला, तर माझी मावशी नुसतं थांबा म्हणायची आणि सरळ छापखान्यात जोडायची, कारण डॉक्टर घरी नाहीत, तिथे गप्पा छाटतायत हे तिला ठाऊक असायचं. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे आणि कोण कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. आणि जिने सगळ्यांना सगळ्यांशी बोलायला लावलं, तिला तीस वर्षांत स्वतःचं असं एक वाक्य बोलता आलेलं नाही. मग माझा दम संपला. मिशीवाले म्हणाले की तीन मिनिटं झाली, वाढवा.

तर परवाना मंजूर, पण अट आहे. मी गावात राहायला आल्याचा नगरपालिकेचा दाखला २० ऑगस्टच्या आत द्यायचा. नाव बदलायचं तर नवा अर्ज, पुढच्या वर्षी. म्हणजे खोली गेली.

मावशी, मी कधी एका घरात शाम्पूची बाटली संपवलेली नाही. सर्कशीच्या तंबूवाल्यांबरोबर पुढच्या महिन्यात जायचं ठरवलं होतं. काय करू सांग. काहीही सांगितलंस तरी लोभ ठेव.

तुझी,
भिंगरी

२८ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तंबूवाल्यांबरोबर जा.

मी एकोणीस वर्षांची असताना वडिलांनी मला एक्स्चेंजमध्ये बसवलं. म्हणाले, वर्षभर बस, मग बघू. बघू म्हणणारा माणूस गेला आणि मी तिथेच राहिले. दिवस वाईट गेले असं नाही. पण दुसऱ्याने बसवलेलं बसणं कसं असतं ते माझ्या पाठीला ठाऊक आहे. ते मी माझ्या बहिणीच्या लेकीला देणार नाही, रेडिओसाठी तर नाहीच.

वखारवाल्याला निरोप दिला की माप घ्यायला ये. तो लगेच टेप घेऊन आला, मेला. काल हेडमास्तर छत्री मिटून घरी आले, तासभर बसले. नदीचं नावसुद्धा काढलं नाही. मीही तीन मिनिटं मोजली नाहीत.

तंबूत ओल असते, अंथरूण जाड घे. आशीर्वादाला पत्ता लागत नाही, तो पोचतो.

तुझी,
मावशी

४ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वखारवाल्याला हाकल.

नियम पुन्हा वाचला, आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शेवटपर्यंत वाचलं. त्यात म्हटलंय की जबाबदार व्यक्तीने गावात राहावं. एकाच घरात राहावं असं कुठेही नाही! खिडकीतल्या साहेबांना जाऊन विचारलं. त्यांनी एक पुस्तक काढलं, मग दुसरं काढलं, मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती दोन्ही लिहिलीत. शेवटी कबूल केलं की नाही. म्हणजे मी दर महिन्याला घर बदलणार. तीन वर्षांची छत्तीस घरं. मला झेलतील अशी छत्तीस घरं गावात आहेत का ते बघून ठेव. हेडमास्तरांचं शेवटी धर, तोपर्यंत नदी समुद्राला मिळालेली असेल.

आणि मला कुणी बसवलेलं नाही. ये म्हणाली असतीस तर कदाचित आले नसते.

१० तारखेच्या बसने निघतेय. लोभ आता समोरासमोरच दे.

तुझी,
भिंगरी

५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू आलीस, दाखला वेळेत गेला आणि परवाना रजिस्टर्ड पोस्टाने २९ तारखेला आला. तो आणायला २५ला शहरात गेलेलं माणूस अजून आलेलं नाही. तंबूवाले भेटले, दोन दिवसांत येते, असं तुझं कार्ड आलं. दोन दिवस कधीचे होऊन गेले.

तरी परवा सकाळी सातला केंद्र सुरू केलं. सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं. लाल दिवा लागला. मी माईकपुढे बसलेली. मनात एवढं साठलेलं, शिवाय कागदावर लिहिलेलं. आणि शब्द फुटेना. समोर मधली काच आणि पलीकडे रिकामी खुर्ची. खुर्चीला काय सांगायचं? पाच मिनिटं मी श्वास घेतला आणि सोडला, मग बटण बंद करून घरी आले आणि दाराला कडी लावली.

दुपारी छापखानेवाले आले. म्हणाले, कार्यक्रम फार आवडला. लग्नानंतर पहिल्यांदाच ते आणि त्यांची बायको एकत्र बसून गप्प राहिले होते, फक्त जरा लवकर संपला. संध्याकाळपर्यंत चौघांनी तोच कार्यक्रम रोज ठेवा म्हणून सांगितलं.

हसलीस ना? मी नाही हसले. मला बोलायचं होतं गं.

परवान्यासाठी ये म्हणत नाही. तपासणीला कुणी आलंच तर सांगेन की जबाबदार बाई गावातच आहे, कोणत्या घरात ते हुडका. माझ्यासाठी म्हणतेय. काचेपलीकडे कुणीतरी हवं, मी बोलताना ज्याचा चेहरा हलेल. हेडमास्तरांना बसवून बघितलं, ते स्वतःचंच भाषण मनात म्हणत बसतात, दिसतं ते.

वाट बघतेय, हेही आशीर्वादातच धर.

तुझी,
मावशी

८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बसस्टँडवरून लिहितेय, गुडघ्यावर कागद ठेवून, म्हणून अक्षर असं. बस लागली आहे. ड्रायव्हर चहाला गेलाय आणि शेजारी एक माणूस पोपटाचा पिंजरा दुरुस्त करतोय. मी तिकडे बघत नाहीये.

हे पत्र माझ्यानंतर पोचेल. तेव्हा मी काचेपलीकडे बसलेली असेन. उत्तर लिहू नकोस, मावशी. बोल.

तुझी,
भिंगरी