मी ग्रहयुद्ध म्हणाले होते

सोमवार, ९ फेब्रुवारी

चि. चिमीस,

ताईचे भरपूर आशीर्वाद आणि थोडी बोलणी. बोलणी यासाठी की तुझं पत्र चार ओळींचं, आणि त्यातल्या तीन रडक्या.

इकडे सगळं ठीक. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला. नव्या चष्म्याने भिंतीचे पोपडेसुद्धा दिसायला लागलेत. आधी घर बरं दिसायचं. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

माझी सध्या काय वट आहे ते नदीच्या तुमच्या काठावरही कळलं असेल. जन्मभर शाळेत गणित शिकवलं तेव्हा कुणी वळून पाहिलं नाही. आणि निवृत्तीनंतर रविवारच्या पुरवणीत दोन परिच्छेदांचं राष्ट्रभविष्य काय लिहायला लागले, तर बँकेच्या रांगेत लोक मला पुढे जायला जागा देतात. परवा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, युद्ध महिनाअखेरीलाच ना? म्हणजे मी गच्चीवरच्या टाकीचं काम आधी उरकतो." मी म्हटलं, "टाकी आधीच उरक, युद्ध असो नसो." तो हसला नाही.

तू विचारलं आहेस की दुकान आणि वरच्या खोल्या विकून तुम्ही त्या काठावरून निघावं का. गिऱ्हाईक शनिवारी इसाराचे पैसे द्यायला येतंय. "ग्रह काय म्हणतात ते सांग, ताई. तू म्हणशील तसं करू." आणि खाली तुझ्या घड्याळबुवांच्या अक्षरात, "मलाही मान्य." बस्स, एवढंच.

चिमे, ही ओळ मी दोनदा वाचली. लग्न झाल्यापासून तुझ्या नवऱ्याने माझ्या ज्योतिषाची टर उडवली नाही असा एक दिवस गेला नाही. "ताई, तुमचा शनी मागे पडतोय, आणा इकडे, साफ करून देतो." घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून मी दुसरी कसली अपेक्षा करणार? पण या वेळी एक टोमणा नाही. तो माणूस घाबरलाय, हे मला त्यावरून कळलं.

तर ग्रह काय म्हणतात. सांगते. आधी चहा ठेवून येते.

चहा झाला. दोन कप प्यायले, कपही विसळून ठेवले. आता काही काम उरलं नाही, तेव्हा लिहिते.

निवडणुकीनंतर आपल्या नगरपालिकेतली दोन्ही काठांच्या पक्षांची युती तुटली, हे तुला मी सांगायला नको. आमच्या ज्योतिषात युती म्हणजे दोन ग्रह एका राशीत, त्यांच्या राजकारणात युती म्हणजे दोघांचा डोळा एका खुर्चीवर. तेव्हापासून या काठाचे आणि त्या काठाचे एकमेकांकडे बघतात ते भांडायला निमित्त मिळावं म्हणूनच. अशात माझा मजकूर जायचा होता. नवा चष्मा अजून यायचा होता, म्हणून मी तो फोनवर सांगितला. पुरवणीचं काम बघणारी बाई उतरून घेत होती. या महिन्याच्या अखेरीला मंगळ आणि शनी आकाशात एकमेकांच्या अगदी जवळ, एका अंशाच्या आत येतायत. त्याला जुन्या ग्रंथांत ग्रहयुद्ध म्हणतात. मी सांगितलं, "महिनाअखेरीस ग्रहयुद्ध. राज्यकर्त्यांनी जीभ आवरावी."

छापून आलं, "महिनाअखेरीस गृहयुद्ध."

ग ला र जोडला की ग्रह, ग ला ऋकार दिला की घर. लोक ध चा मा मुद्दाम करतात, इथे तर कुणी मुद्दामही केलं नाही. बिचारीने जे ऐकलं ते लिहिलं, आणि चांगलं ठसठशीत वाटलं म्हणून मथळ्यात घेतलं. मंगळ-शनी तर दर दोन वर्षांनी असे भेटतात. तू पाळण्यात होतीस तेव्हाही भेटले असतील. आपल्या घरात तेव्हा बशीसुद्धा फुटली नव्हती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळीच शेजारणीने मथळा वाचून दाखवला. मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "मंगळवारच्या अंकात दुरुस्ती देतो." आणि सोमवारी पुलावर दगडफेक झाली. संध्याकाळी त्यांचाच फोन, "बाई, खरं ठरलेलं भविष्य कुणी दुरुस्त करतं का? तुम्ही तर कमाल केलीत!"

आणि मी गप्प बसले. ही माझी चूक आहे, ती मी त्या बाईवर किंवा संपादकांवर ढकलणार नाही. फोन वाजत होता, लोक दारात येत होते, आणि मला ते आवडत होतं. मनात म्हणायचे, कुणी सांगावं, आपल्या तोंडून चुकून खरंच बाहेर पडलं असेल.

तुमच्या दुकानाची काच फुटली, ते मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. तुला वाटलं असेल, ताईला माहीत नाही. त्या दिवसापासून माहीत आहे. आमच्या कोपऱ्यावरचा पेपरवाला मला मोठ्या कौतुकाने सांगत होता, "बाई, सकाळी तुमचा मजकूर इथे मोठ्याने वाचला पोरांनी. म्हणाले, युद्ध होणारच आहे तर त्यांनी सुरू करायच्या आत आपण करू. आणि निघाले पुलाकडे." तुमचं दुकान पुलाला लागूनच. पहिलीच काच.

ग्रह कुठे असतील ते मला सांगता येतं, चिमे. माणसं कुठे असतील ते नाही. तुमची काच शनीने फोडलेली नाही, ती माझ्या नावाने फुटली.

म्हणून सांगते, शनिवारी त्या माणसाकडून एक पैसा घेऊ नका. निदान माझ्या भविष्यावर तरी नको. परवा, बुधवारी, मला वाहिनीवर थेट कार्यक्रमाला बोलावलंय. त्यांना माझ्याकडून युद्धाची तारीख हवी आहे. मी त्यांना ऋकार देणार आहे. संपादकांना मघाशीच कळवलं. ते म्हणाले, "सदर बंद होईल, आणि लोक तुमच्यावर उलटतील." मी म्हटलं, उलटू देत. वर्गात पन्नास पोरं माझ्यावर उलटली होती, तेव्हाही मी फळा सोडला नव्हता.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू रडतेस आणि मी शिकवायला लागते. शिवाय फोनवर सांगितलेल्या एका शब्दाने काय केलं ते बघतेच आहेस. पुलावरून सध्या वाहनांपैकी फक्त पावाची गाडी सोडतात, त्या गाडीवाल्याच्या हाती हे देते.

ताई

गुरुवार, १२ फेब्रुवारी

चिमे,

काल पाहिलंस का? मागे सगळा लाल नकाशा लावला होता. निवेदकाने विचारलं, "तर बाई, तारीख?" मी फळा मागितला, फळा नव्हता. मग त्याच्याच हातातला कागद घेतला, त्याच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत दोन्ही शब्द लिहिले, आणि पहिलीच्या वर्गाला शिकवतात तसं शिकवलं. तो म्हणाला, "म्हणजे युद्ध टळलं असं समजायचं?" मी म्हटलं, "टळायला ते येणार कधी होतं?" लगेच जाहिराती लागल्या.

मला वाटलं होतं, आता जीव भांड्यात पडेल. कुठलं काय. आज सकाळपासून अर्धी गल्ली म्हणते बाईला त्या काठाने विकत घेतलं, उरलेली अर्धी म्हणते बाईला धमकी आली. पेपरने शेवटच्या पानावर, चपलांच्या जाहिरातीखाली दुरुस्ती दिली आहे, ती जशीच्या तशी उतरून देते: "मागील मजकुरात ग्रहयुद्ध ऐवजी ग्रहयुद्ध असे वाचावे." मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून इतकी हसले, इतकी हसले, की शेवटी डोळे पुसावे लागले.

आणि तुझा निरोप गाडीवाल्याने दिला. "ताईचं पटलं, पण इथे कुणाला पटत नाही. गिऱ्हाईक येतंय."

बरोबर आहे तुझं. शब्दाने झालेलं आता शब्दाने निस्तरत नाही. तेव्हा उद्या उन्हं वर आली की मी तिकडे येते आहे. एका दिवसासाठी नव्हे, महिना उलटेपर्यंत. वरची मागची खोली झाडून ठेव, पांघरूण माझं मी आणते. रोज तुमच्या दुकानाच्या दारात, नवीन काचेपुढे, खुर्ची टाकून बसेन. जिने युद्ध सांगितलं ती म्हातारी युद्धाच्या दिवशी नेमकी त्याच काठावर बसून शेंगा सोलते आहे, हे दोन्हीकडच्यांनी बघावं. याला छापायला संपादक लागत नाही. आणि त्या संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, रस्त्यावरून जाईल त्या प्रत्येकाला मी हात धरून पश्चिमेला दाखवणार आहे. तो तांबूस मंगळ, तो पिवळट शनी. मी बोलले होते ते युद्ध एवढंच.

भीती वाटते का? वाटते. बस बंद आहे म्हणजे पूल चालत ओलांडायचा, आणि आता माझा चेहरा सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच भर दिवसा येणार. कुणी दगड मारायचाच ठरवला, तर कुणाला मारतोय ते त्याला नीट दिसलं पाहिजे.

शनिवारी तुझ्या गिऱ्हाइकाला खुशाल येऊ दे. घर तुझं आहे, निर्णय तुमचा दोघांचा. तरीही जायचं ठरलं तर मी स्वतः बसून तुमची भांडी बांधीन आणि अवाक्षर बोलणार नाही. पण मग माणसांना भिऊन गेलो असं म्हणा. ताईने सांगितलं म्हणून गेलो, असं कुणाला म्हणू नका. ते मला सहन व्हायचं नाही.

घड्याळबुवांना विचार, मला घ्यायला पुलाच्या मध्यापर्यंत येतील का. या काठाची बाई आणि त्या काठाचा माणूस बरोबर चालताना दिसले तर बरं होईल. त्यांना जमलं नाही तर तू ये. आणि दोघांपैकी कुणालाच धीर झाला नाही तर खिडकीतून बघत राहा, मी दिसेनच.

तुमच्या काठाला निघालेली,
तुझी ताई