चादरीखालचे बाबा

कामतघर, १ जून २०२५

ती. क्षितिजाताईस,
देवेशचा सा. न. वि. वि.

फोन सतत बाबांच्या खिशात असतो, म्हणून पत्र. जिन्याची भेग दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. मी रोज पट्टीने मोजतो. महापालिकेची तिसरी नोटीस आली, बाबांनी तिच्यावर बोंबील साफ केले. इमारत त्यांनी बांधली हाय, त्यांना विचारल्याबिगर पडायची न्हाय, म्हणतात. भाडेकरू गेले, उरलो आम्ही तिघे. पुढच्या रविवारी केंद्राचे आपत्ती पथक समोरच्या मैदानात सराव करणार आहे. मी जखमी म्हणून नाव दिले आहे. पथकाच्या साहेबांना भेग दाखवीन.

माया आहेच, तशीच राहू दे.
देवेश

खारबाव, ४ जून

चि. देवेशला ताईचे पोटभर आशीर्वाद.

पट्टी ठेव आणि आईला घेऊन ये, असे लिहिणार होते. पण बाबांना सोडून ती हलायची नाही. मागची खोली मी रिकामी केली. तर बाबा फोनवर म्हणाले, लेकीच्या दारात राहायला ते काय निराधार हायेत का. साहेबांवर फार विसंबू नकोस. ते पडल्यावर येतात, पडण्याआधीचे खाते वेगळे, असे तुझे भावोजी म्हणतात.

जेवत जा.
ताई

कामतघर, ९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

भावोजींचे खरे झाले. साहेब फार सभ्य. भेग पाहून म्हणाले, इमारत रिकामी करणे त्यांच्या अधिकारात नाही. पडली तर मात्र ते लगेच येतील.

मग गळ्यात चिठ्ठ्या घातल्या. मला 'किरकोळ जखमी'. बाबा नुसते बघायला आले होते, पण घरमालकाला वगळले म्हणून भांडले. साहेबांनी त्यांना 'मृत' दिली. दीड तास पांढऱ्या चादरीखाली होते. शेजारच्या जानकीबाई, इमारत खरेच पडल्यासारख्या, बघ्यांना सांगत होत्या की सगळ्यांनी घर सोडायला सांगून पाहिले, पण म्हातारा बायकोपोरालाही घेऊन गेला. बाबांना उत्तर देता येईना. मृताने बोलायचे नाही, असा नियम होता.

घरी आलो तर आई दारात आडवी उभी. चार माणसांत ज्याच्यावर चादर घातली, तो शांती केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत न्हाय, आणि भटजींना महिनाभर सवड न्हाय, म्हणाली. बाबा खूप ओरडले. आईने दार लावले. शेवटी ते रागाने तुझ्याकडे निघाले. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

कारण भटजींना पुन्हा विचारून येतो म्हणालो, तर आई म्हणाली की पुन्हा कशाला, अजून एकदाही विचारले नाही. तू आधी हंडे बांध.

गुरुवारी आम्हीही येतो. लोभ तेवढा बाहेर काढून ठेव.
देवेश