ओमोलो काकांच्या शवपेटीचे पैसे

ओचिएल,
तुझा फोन मी नेला आहे, शोधत बसू नकोस. तू अंघोळीला गेलास आणि कालचा माणूस पुन्हा फोनवर बोलला, “भाऊ, तुमच्याकडे चुकून आणखी पैसे आले बघा, परत पाठवा.” मी फोनवरच्या खात्यातली शिल्लक पाहिली. काल काहीच जमा झालं नव्हतं. खोट्या मेसेजवर विसंबून, त्याचेच पैसे परत करतोय समजून, तू काकांच्या अंत्यविधीची वर्गणी त्याला देऊन बसलास.

वर्गणी अनोळखी नंबरांवरून येते, मान्य. पण पैसे जमा झाल्याचा मेसेज मोबाइल कंपनीच्या नावाने येतो, कुणा सोम्यागोम्याच्या नंबरवरून नाही. एवढं तरी बघायचंस.

पैसे अडवता येतात का, ते विचारायला कंपनीच्या दुकानात चालले आहे. तुझ्या जेवणाला मक्याच्या पिठाची उगाली झाकून ठेवली आहे. सुतार शवपेटीचे पैसे मागायला येईल, त्याला उद्याचा वायदा करू नकोस. काकूला तूच सांग. दुसऱ्याचा पैसा तू ठेवून घेत नाहीस, म्हणूनच तिने वर्गणी तुझ्याकडे सोपवली होती.
अकेयो