स्लॅबचं पाणी

लातूर, ६ एप्रिल

ती. उमाताईस,
रविकांतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

वादाचं बोलणं फोनवर नको, पत्रात करावं, हा आपल्या अण्णांचा नियम पाळतोय. क्लासच्या पोरांना भाड्यानं द्यायला वर मजला चढवतोय, त्याच्या जमिनीचा स्लॅब काल टाकला. तुझ्या लेखी मी निसर्गाचा वैरी, तर ऐक. फरशी नाही, टाइल नाही. स्लॅबच घोटून गुळगुळीत केला, तीच जमीन. म्हणजे खाणीतला दगड वाचला. सिमेंटमध्ये परळीच्या वीजकेंद्राची राख आहे, ती उघड्यावर उडायची वाचली. उन्हाळ्यात पायाला गार, आणि माझ्या नातवंडांनाही फोडावी लागणार नाही. शिवाय स्लॅबवर पाणी मारणं मी बंदच ठेवलंय. गल्लीत घागरींची रांग असताना मी टँकर सिमेंटला पाजू? शेजारी कौतुक करून राहिलेत.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
रवी

नांदेड, ११ एप्रिल

चि. रविकांत यास अनेक आशीर्वाद. त्यातला एक अकलेसाठी.

राख, दगड, गारवा, सगळं मान्य. किल्लारीनंतर दगडमातीच्या भिंतींना भिऊन काँक्रीटकडे वळणाऱ्यांत मीही होते. आमच्या कॉन्व्हेंटच्या व्हरांड्याची काँक्रीटची जमीन मी परकरात असताना घातली, अजून तडा नाही. पण ती घातली तेव्हा सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हा मुलींकडून रोज प्रार्थनेआधी तिच्यावरची पोती भिजवून घ्यायच्या. पाण्यावाचून सिमेंट सुकतं, पण धरत नाही. आणि काँक्रीट टिकलं तरच त्याचं पुण्य. उद्या फोडावं लागलं तर खाण, राख, टँकर सगळंच मातीत. गल्लीची तहान खरी, तुझा मोठेपणा खोटा. एवढा कळवळा होता तर पावसाळा संपल्यावर बांधायचं होतंस! आता निदान ओली पोती अंथर, वर प्लास्टिक टाक, थोडक्या पाण्यात भागेल. आणि खालच्या टेकूंना हात लावू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

लातूर, ९ जून

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पोती राहूनच गेली. टेकूही लवकर काढले, सेंट्रिंगवाल्या गुरुबसप्पाला फळ्या औशाच्या कामावर न्यायच्या होत्या. पण झालं का काही? बॅच सुरू झाली, पोरं वर राहायलाही आली. जमीन देखणी आहे. झाडलं की पुन्हा पांढरी भुकटी येते तेवढी, सिंधु वैतागते. दार हल्ली अडतं. आणि एक गंमत सांगतो: पोरांचं पेन कुठेही पडो, घरंगळत खोलीच्या मधोमध येऊन थांबतं. पुसायला बरं, पाणी आपोआप गोळा होतं! सिस्टर अ‍ॅग्नेसना कळव.

रवी

नांदेड, १३ जून, सकाळ

रविकांत,

आशीर्वाद नंतर. तुझा फोन बंद, सिंधुचा कुणी उचलत नाही. शेजारचा व्यंकट गाडी घेऊन लातूरला निघालाय, त्याच्या हाती हे देते. पेन मधोमध येतं, कारण स्लॅब मधोमध वाकलाय, मूर्खा! पोरांना आत्ताच्या आत्ता तिथून हलव. टेकू परत लाव, इंजिनिअरला बोलाव. स्लॅबला वेळेवर पाणी दिलं असतंस तर ही पाळी आली नसती. लोकांनी आपली लेकरं तुझ्या भरवशावर ठेवलीत.

उमा

लातूर, १३ जून, दुपार

ती. वन्संना सौ. सिंधुचा शि. सा. नमस्कार.

व्यंकटभाऊंचा निघण्याआधीचा चहा होईतो लिहिते. ह्यांचा फोन काल हौदात पडला, माझा आत कपाटावर होता. पण वन्सं, ह्यांनी जन्मात पहिल्यांदा तुमचं मुकाट्यानं ऐकलं. चिठ्ठी वाचून चेहराच उतरला. पोरांना लगेच वरून हलवलं. सगळ्यांच्या गाद्या खालच्या हॉलमध्ये टाकल्या, बरोबर त्याच खोलीखाली. तिथंच अभ्यास करून राहिलीत बिचारी. टेकू नि इंजिनिअरचं उद्या बघू म्हणतात. पण राहिलेलं पाणी आजच पुरं करायचं, ह्यावर अडून बसलेत. वर मातीची आळी बांधून तळं केलंय. एक टँकर रिकामा झाला, दुसरा दारात उभा आहे. छतातून थोडं ठिबकतंय, वरून कसलासा कुरकुर आवाजही येतो. पोरं म्हणतात, काकू, किती गार वाटून राहिलंय.

आता तरी राग निवावा, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नये.

आपली,
सिंधु